तापलेले इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

सकाळी पहिल्याच किकला सुरू झालेली मोटारसायकल तास-दीड तास बिनतक्रार धावते. चालक रस्त्याकडेला चहासाठी थांबतो. दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन तो किक मारू लागतो, तेव्हा मात्र इंजिन दाद देत नाही. घामाघूम होऊन त्याने प्रयत्न सोडून दिल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने, तीच मोटारसायकल काही झालेच नव्हते अशा रीतीने सुरू होते. दुसऱ्या दिवशी ती कारागिराकडे नेली असता तिच्यात कोणताच दोष सापडत नाही. मग केवळ तर्काने कधी प्लग बदलला जातो, कधी कार्ब्युरेटर. पैसे खर्च होतात आणि पुढच्या प्रवासात तोच अनुभव पुन्हा येतो.

ह्या तक्रारीचा विचार करताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. उष्णता हा दोष नव्हे. उष्णता हा दोष उघड करते. इंजिन निवाले की दोष पुन्हा झाकला जातो. म्हणूनच जी पंधरा-वीस मिनिटे आपण वैतागून किक मारण्यात घालवतो, तीच तपासणीची खरी वेळ होय.

उदाहरणासाठी आपण जुन्या बनावटीची ३५० सी.सी. 'बुलेट' घेऊ. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९५५ च्या सुमारास जिची जुळणी सुरू झाली, तीच ही मोटारसायकल. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, कार्ब्युरेटर, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशी तिची रचना उघडी व समजण्यास सोपी आहे. पुढे सांगितलेली तक्रार मात्र कोणत्याही एका बनावटीची नाही.

थांबल्यावर उष्णता वाढते कशी?

मोटारसायकल धावत असताना समोरून येणारा वारा सिलिंडरच्या पाळ्यांमधून उष्णता वाहून नेतो. कार्ब्युरेटरमधून सतत जाणारे ताजे पेट्रोलही त्याला गार ठेवते. इंजिन बंद करताच हे दोन्ही प्रवाह थांबतात. सिलिंडरच्या जाड धातूत साठलेली उष्णता मात्र तशीच राहते आणि शेजारच्या भागांकडे सरकू लागते. त्यामुळे इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटे कार्ब्युरेटरचे तापमान कमी न होता उलट वाढत जाते. चहा पिऊन परतण्याची वेळ आणि हे तापमान सर्वांत चढलेले असण्याची वेळ बहुधा एकच येते.

इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणातील मिश्रण, योग्य वेळी पडणारी जोरकस ठिणगी आणि पुरेसा दाब. उष्णतेने ह्या तिघांपैकी कोणती हिरावून घेतली, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

सावधगिरी

तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलची नळी काढू नये. प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी पाडून पाहू नये. किक मारताच त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते व ती पेट घेऊ शकते. जवळपास विडी-सिगारेट नको. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नये. अचानक आकुंचन होऊन धातूला तडा जाण्याचा संभव असतो. प्लग काढताना हातात जाड कापड असावे.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी वास घेण्याची. पेट्रोलचा उग्र दर्प येत असेल, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओघळत असेल, तर मिश्रण फार दाट झाले आहे असे समजावे. त्यानंतर टाकीचे झाकण उघडावे. झाकणातील वायुछिद्र बुजले असेल तर आत हवा शिरताना 'फुस्स' असा आवाज येतो. अशा वेळी टाकीत निर्वात निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरेनासे झालेले असते. झाकण सैल करून काही मिनिटांत इंजिन सुरू झाल्यास शोध तेथेच संपला.

दुसरी पायरी ठिणगीची. ह्यासाठी जवळ एक चांगला जादा प्लग बाळगावा. इंजिनातील प्लग न काढता फक्त त्याची टोपी काढून ती जादा प्लगला लावावी, त्या प्लगचे धातूचे अंग सिलिंडरच्या पाळीला घट्ट टेकवावे आणि किक मारावी. निळसर-पांढरी, कडाडणारी ठिणगी पडली तर विद्युत्-व्यवस्था बहुतांशी ठीक आहे. पिवळसर, बारीक किंवा मधूनच पडणारी ठिणगी संशयास्पद समजावी. मोकळ्या हवेत ठिणगी पाडणे सोपे असते. सिलिंडरमधील दाबाखाली तेच अंतर ओलांडण्यास कितीतरी अधिक विद्युत्-दाब लागतो. म्हणून बाहेर कशीबशी पडणारी ठिणगी आत पडेलच असे नाही. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या गाडीत प्लग धातूला नीट टेकवल्याशिवाय कधीही किक मारू नये. तो इलेक्ट्रॉनिक संच निकामी होऊ शकतो.

तिसरी पायरी दाबाची. चावी बंद ठेवून किक सावकाश पायाने दाबावी. थंड इंजिनात जो ठाम विरोध नेहमी जाणवतो तो आता जाणवत नसेल, तर दोष झडपांकडे किंवा दट्ट्याच्या रिंगांकडे आहे.

ह्या तिन्ही पायऱ्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत. मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. पुढे कारागिराला सांगण्यासारखी तीच सर्वांत मोलाची माहिती असते.

ठिणगीचा दोष

जुन्या बुलेटवरील अ‍ॅमीटर येथे फार उपयोगी पडतो. दिवे बंद ठेवून चावी सुरू करावी व किक हळूहळू दाबत काट्याकडे पाहावे. पॉइंट जुळलेले असताना काटा ऋण बाजूस झुकतो आणि पॉइंट उघडताच शून्यावर येतो. काटा असा हालत असेल तर कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह व्यवस्थित जात आहे. काटा सतत शून्यावरच राहिला तर कोठेतरी मार्ग तुटला आहे: पॉइंट मळलेले आहेत, तार सुटली आहे किंवा कॉइलमधील तार तापून प्रसरण पावताच एकमेकींपासून अलग होत आहे. काटा सतत ऋण बाजूसच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कन्डेन्सर आतून जोडला गेला आहे.

काटा हालतो, पण ठिणगी दुबळी आहे आणि पॉइंटांमध्येच मोठ्या ठिणग्या उडताना दिसतात, असे असेल तर संशय पुन्हा कन्डेन्सरवर येतो. ह्या लहानशा भागातील विद्युत्-रोधक थर तापल्यावर कच खातो आणि निवाला की पूर्ववत् वागतो. म्हणूनच दुकानातल्या टेबलावर तपासलेला कन्डेन्सर निर्दोष ठरतो. तो स्वस्त असल्याने प्रवासात एक जादा बाळगणे शहाणपणाचे. नवा कन्डेन्सर लावूनही ठिणगी दुबळीच राहिली तर कॉइल तपासावी. कॉइलवर ओले फडके पिळून गुंडाळावे. केवळ तिच्या गार होण्याने ठिणगी परत आली, तर दोषी भाग सापडला.

मिश्रणाचा दोष

पेट्रोल हा एकच द्रव नव्हे. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या जवळपास तापमान लागते. तापलेल्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळले की त्याची वाफ व थेंब आपोआप सिलिंडरच्या वाटेत उतरतात आणि मिश्रण पेटू शकणार नाही इतके दाट होते. नळीतच वाफ अडकली तर उलट घडते: पेट्रोल पोहोचतच नाही. अँबॅसडर मोटारीचे चालक उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळत, ते ह्याच कारणाने.

दाट मिश्रणाच्या वेळी चालक बहुधा चोक ओढतो आणि अडचण दुप्पट करतो. चोक हा थंड इंजिनासाठी असतो. अशा वेळी पेट्रोलचा कॉक, चोक आणि चावी बंद ठेवावी, थ्रॉटलची मूठ पूर्ण फिरवून डिकॉम्प्रेसर दाबावा आणि सहा-सात वेळा किक मारून आतील वाफ बाहेर काढावी. नंतर डिकॉम्प्रेसर सोडून, मूठ जवळजवळ बंद ठेवून व चावी सुरू करून नेहमीप्रमाणे किक मारावी. इंजिन धरू लागताच कॉक उघडावा. हा उपाय दर वेळी करावा लागत असेल तर फ्लोटची सुई झिजली आहे का, आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील उष्णतारोधक चकती एखाद्या दुरुस्तीत गहाळ झाली आहे का, हे पाहावे.

उंच डोंगरी मार्गांवर ही अडचण वाढते. रोहतांग खिंडीत, सुमारे ३,९७८ मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन-पंचमांश उरतो. तेथे पेट्रोल अधिक सहज उकळते आणि हवा विरळ असल्याने मिश्रण मुळातच दाट झालेले असते.

दाबाचा दोष

बुलेटच्या टॅपेटची जुळवणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावयाची असते. पुशरॉड बोटांनी मोकळेपणे फिरावा, पण वर-खाली हलू नये, ही तिची खूण. तो आवळून बसवला असेल तर भाग तापल्यावर झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि दाब निसटतो. कारागीर घाईत तापलेल्या इंजिनावरच टॅपेट जुळवतात, तेव्हा ही जुळवणी चुकते. ती दुरुस्त करण्यास खर्च जवळजवळ नाही. दुर्लक्ष केल्यास मात्र झडप जळते.

समारोप

१ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. दाबाखाली पेट्रोल पुरवणाऱ्या नव्या पद्धतीत वाफेची अडचण कमी होते. तरीही इंजिनाची गती टिपणारा एखादा सेन्सर तापल्यावर काम सोडतो आणि निवाल्यावर पुन्हा सुरू होतो. भाग बदलले, तपासणीची रीत तीच राहिली. एका वेळी एकच गोष्ट पाहावी, एका वेळी एकच भाग बदलावा, आणि जे पाहायचे ते इंजिन निवण्यापूर्वी पाहावे. असे केल्यास आडरस्त्यावर अडकण्याची वेळ आली तरी पुढचा खर्च अंदाजाने होणार नाही.