कायद्याने सायकल, रहदारीत मोटार: घरपोच सेवेतील विजेची दुचाकी

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांच्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत एक नवे वाहन मोठ्या संख्येने दिसू लागले आहे. आकाराने ते लहान, आवाजाने जवळजवळ मुके. त्याला बहुधा क्रमांकाची पाटी नसते. मागे चौकोनी पेटी किंवा स्वाराच्या पाठीवर मोठी पिशवी असते, आणि तिच्यात कोणाचे जेवण, कोणाचे किराणा सामान, तर कोणाचे औषध असते. दुकान ते घर हे शेवटचे तीन-चार किलोमीटर पार करण्याचे काम आज हजारो तरुण, आणि थोड्या प्रमाणात तरुणीही, या विजेवर चालणाऱ्या दुचाकीवरून करीत आहेत.

घरपोच सेवा आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकलगाडी आणि सायकल यांच्या आधारे हे काम करीत आले आहेत. परंतु डबेवाल्याचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली आणि ग्राहकही ठरलेला असतो. आजच्या स्वाराला पुढची फेरी कोठे न्यावयाची हे मोबाइलवर सूचना येईपर्यंत ठाऊक नसते. त्याची मिळकत फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय या वाहनाचे गुणदोष समजणार नाहीत.

व्याख्येतील पंचवीस

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेचे इंजिन नसलेली वाहने मुळातच वगळलेली आहेत. सायकलला जोडलेल्या छोट्या इंजिनाचा विचार त्यामागे दिसतो. विजेच्या वाहनांच्या बाबतीत हीच भूमिका केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ च्या एका खंडाने स्वीकारली आहे. अर्ध्या तासाच्या चाचणीत मोजलेली मोटारीची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, बॅटरी वगळता वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, योग्य ब्रेक आहेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक बसविलेला आहे, अशी दुचाकी मोटार वाहन समजली जात नाही. मात्र अधिकृत चाचणी संस्थेने तिची तपासणी करून तसे प्रमाणित केलेले असावे लागते.

या एका तरतुदीचे परिणाम दूरवर पोहोचतात. अशा दुचाकीची नोंदणी करावी लागत नाही, चालकास अनुज्ञप्ती लागत नाही, विम्याची सक्ती नाही, आणि हेल्मेटची सक्तीही कायद्याच्या काटेकोर अर्थाने लागू होत नाही. बीड किंवा नंदुरबार जिल्ह्यातून कामाच्या शोधात शहरात आलेला तरुण अनुज्ञप्तीची वाट न पाहता, आठवड्याच्या भाड्याने दुचाकी घेऊन लगेच काम सुरू करू शकतो. ही सोय लहान नव्हे. रोजगाराच्या दारावरचा एक अडसर तिने दूर केला आहे, हे मान्य केले पाहिजे.

खर्चाचे गणितही तिच्या बाजूने आहे. पेट्रोलची स्कूटर लिटरमागे ४५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या थोडे वर आहे असे धरले, तर दिवसाच्या १०० किलोमीटरला सव्वादोनशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. विजेच्या हलक्या दुचाकीस तेवढ्याच अंतरासाठी, चार्जिंगमधील घट धरूनही, सुमारे ३ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले तरी ३० रुपयेच. अर्थात बहुतेक स्वारांची दुचाकी स्वतःची नसते. वाचलेल्या पेट्रोलचा मोठा भाग भाड्यात जातो, आणि ज्या दिवशी तो आजारी असतो त्या दिवशीचे भाडेही बहुधा चुकत नाही. जाहिरातीतील बचत आणि स्वाराच्या हाती उरणारी बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चढ आणि वेग

हे वाहन कायद्याने सायकलीच्या पंक्तीत बसले, तरी चालते ते मोटारींच्या गर्दीत. प्रश्न येथून सुरू होतो.

वाहन, बॅटरी, स्वार आणि माल मिळून १५० किलो वजन धरले आणि उड्डाणपुलाचा चढ शंभरास चार धरला, तर २५० वॅटच्या सततच्या शक्तीवर ही दुचाकी ताशी १० ते १२ किलोमीटरहून अधिक वेगाने चढू शकत नाही. थोड्या वेळापुरती मोटार यापेक्षा जास्त शक्ती देते, म्हणून प्रत्यक्षात वेग काहीसा अधिक मिळतो. परंतु मागून बस किंवा टेंपो येत असताना पुलाच्या मध्यावर मंदावलेल्या स्वाराची अवस्था कोणीही समजू शकेल. वेग वाढविण्याचा मोह होतो तो केवळ तरुण वयामुळे नव्हे.

हा मोह पुरविणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. मोटारीकडे जाणाऱ्या विजेवर नियंत्रण ठेवणारा ‘कंट्रोलर’ बदलणे, वेगमर्यादेची तार काढून टाकणे, जास्त दाबाची बॅटरी बसविणे हे काम थोड्या वेळात होते. काही वेळा तर विक्रेताच असे वाहन ‘बिनलायसनचे’ म्हणून विकतो. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागाने अशा बेकायदा बदलांविरुद्ध तपासणी मोहीम हाती घेतली होती, ती याच कारणास्तव.

वेगाने प्रत्यक्षात काय साधते? तीन किलोमीटरचा रस्ता अखंड ताशी २५ किलोमीटरने कापला तर ७ मिनिटे १२ सेकंद लागतात. ताशी ४५ ने कापला तर ४ मिनिटे. कागदावर सव्वातीन मिनिटे वाचली. परंतु शहरात अखंड वेग कोणालाच मिळत नाही. सिग्नल, वळणे, खोदलेला रस्ता यांमुळे गर्दीच्या वेळी सरासरी ताशी २० किलोमीटरच्या आसपास किंवा खालीच राहते. खरा वेळ जातो तो दुकानात माल तयार होण्याची वाट पाहण्यात, वसाहतीच्या फाटकावरील नोंदवहीत आणि लिफ्टच्या दारात. तेथे दुचाकीचा वेग निरुपयोगी असतो. तेथे गमावलेली मिनिटे स्वार रस्त्यावर भरून काढू पाहतो.

त्याची किंमत मोठी आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी २५ च्या वेगातील दुचाकी साधारण १२ मीटरांत थांबते. ताशी ४५ च्या वेगाला सुमारे २८ मीटर लागतात, आणि आघाताची ऊर्जा तिपटीहून अधिक होते. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. या दुचाकीची चाके, ब्रेक आणि सांगाडा कमी वेगासाठीच बांधलेले असतात. शिवाय तिचा आवाज येत नसल्याने रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धांना आणि दृष्टिहीनांना तिची चाहूल लागत नाही.

वेग वाढविलेली दुचाकी कायद्याच्या सवलतीतून आपोआप बाहेर पडते. ती मोटार वाहन ठरते. तेही नोंदणी नसलेले, विमा नसलेले आणि बहुधा अनुज्ञप्ती नसलेल्या चालकाच्या हातचे. अनुज्ञप्तीशिवाय वाहन चालविण्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार ५,००० रुपये दंड आहे. अपघात झाल्यास तर नुकसानभरपाईचा बोजा विमा कंपनीवर न पडता थेट स्वारावर किंवा वाहनमालकावर येतो. महिन्याची सर्व मिळकतही त्याला पुरणार नाही.

घाईचे मूळ मात्र केवळ स्वाराच्या मुठीत नाही. दहा मिनिटांत माल देण्याच्या जाहिरातींविषयी देशभर टीका झाली. केंद्रीय कामगार मंत्रालयाने लक्ष घातल्यावर जानेवारी २०२६ मध्ये काही कंपन्यांची ही घोषणा मागे घेतली जाऊ लागली. घोषणा गेली, तरी फेरीमागे मोबदला देण्याची पद्धत राहतेच.

बॅटरीची निगा

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका सात वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशात इतरत्रही अशा आगी लागल्या. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या चाचण्यांचे ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कडक करून ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. न्यूयॉर्क शहराचा अनुभवही असाच आहे. तेथे घरपोच सेवा देणाऱ्यांत या सायकली फार प्रचलित आहेत. २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरींच्या आगींत तेथे १८ जण दगावले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून प्रमाणित नसलेल्या बॅटरींच्या विक्रीस तेथे बंदी करण्यात आली, आणि २०२४ मध्ये स्वारांसाठी सार्वजनिक चार्जिंगची केंद्रे प्रयोगादाखल उघडली गेली.

आपल्याकडे एका खोलीत सहा-सात मुले राहतात आणि तितक्याच बॅटऱ्या एकाच जोडतारेवर रात्रभर लावलेल्या असतात, हे दृश्य दुर्मीळ नाही. लिथियम बॅटरीतील एक घट बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटास पेटवते. अशी आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकू शकते. म्हणून बॅटरी दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली चार्ज करू नये, कारण आग लागल्यास सुटकेचा मार्गच बंद होतो. तिचाच मूळ चार्जर वापरावा. फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी तपासल्याविना पुन्हा लावू नये. फिरून आल्यावर ती थंड होऊ द्यावी आणि सर्वजण झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. बॅटरी केंद्रावर देऊन भरलेली बॅटरी घेण्याची पद्धत या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे, कारण घरात चार्जिंग करण्याची गरजच राहत नाही. महापालिकांनी मंडईजवळ, वाहनतळांवर अशा केंद्रांस जागा दिल्यास एक धोका कमी होईल.

नोंद आणि भरपाई

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तिच्यात अशा कामगारांची प्रथमच व्याख्या करण्यात आली आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद तिच्यात आहे. लाभासाठी ई-श्रम पोर्टलवरील नोंदणी महत्त्वाची आहे. ती आधार क्रमांकावर होते. शहरात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना ग्रामपंचायत कार्यालयातून किंवा शाळेतील शिक्षकांकडून ही माहिती आधीच मिळाली, तर पुढची धावपळ वाचेल. दुचाकी भाड्याने घेताना चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आणि अपघात विम्याचा कागद मागून घेण्यासही त्यांना सांगावे. विम्याची सक्ती नाही, याचा अर्थ विमा मिळत नाही असा नव्हे.

मंदगती दुचाकीवरील स्वारास मोटारीने ठोकरल्यास तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. ठोकरणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात. मे २०२५ पासून मोटार अपघातातील जखमींसाठी नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांचीही योजना आहे. पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणी भरपाईचा अर्ज अपघात ज्या तालुक्यात किंवा उपविभागात घडला तेथील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे, करावयाचा असतो. मूळ गावच्या तहसील कार्यालयात तो चालत नाही.