छंद रणगाड्यांचा
मुलांनो, रणगाड्याला मोटारीसारखी वळणारी चाके नसतात. मग तो वळतो कसा? जपानच्या तामिया कंपनीचा खेळातला टायगर रणगाडा पाहा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रणांगणावर आलेला खरा जर्मन टायगर तोफेसह सुमारे साडेआठ मीटर लांब होता. हा त्याहून सोळा पट लहान, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. तो रेडिओलहरींवर चालतो. डावा पट्टा थांबवून उजवा चालवा, तो डावीकडे वळेल. दोन्ही पट्टे एकमेकांच्या उलट फिरवा, जागच्या जागी गिरकी घेईल! या छंदातल्या लढाईत गोळे सुटत नाहीत. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तसे न दिसणारे अवरक्त किरण सुटतात. ते वारंवार लागले की समोरचा रणगाडा मंदावतो, शेवटी थांबतो. चालवणारा हसतो आणि पुढच्या फेरीची तयारी करतो. खऱ्या टायगरच्या पोटात पाच माणसे बसलेली असत.