पहिलीत नाव टाकायचे की एक वर्ष थांबायचे?

जून महिना जवळ आला की ज्या घरात उशिरा बोलणारे, उशिरा चालणारे किंवा नीट ऐकू न येणारे मूल आहे, त्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. याचे नाव यंदा पहिलीत टाकायचे की आणखी एक वर्ष थांबायचे? आमच्याकडे हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलामुळे आला. त्या निमित्ताने जी माहिती गोळा करावी लागली, ती इतर पालकांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेखनप्रपंच. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत कारकून आहे, एवढेच. कागद बारकाईने वाचायची सवय मात्र आहे.

आमच्या वडिलांच्या काळी हा प्रश्न फार सोपा होता. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की गुरुजी नाव दाखल करून घेत आणि जन्मतारीखही अंदाजाने लिहीत. आपल्याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची जी योजना मांडली, तीत शिक्षणाचे वय ७ ते १४ धरले होते. म्हणजे सातव्या वर्षी शाळा सुरू झाली तर मूल वाया गेले, असे त्या मोठ्या माणसांना वाटले नव्हते.

आज महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. त्यामुळे एकाच वर्गात जूनमध्ये साडेपाच वर्षांचे मूल असते आणि साडेसहाचेही. आमचा भाचा डिसेंबरच्या मध्यात, दिवस भरण्याच्या दोन महिने आधी जन्मला. वेळेवर जन्मला असता तर तो फेब्रुवारीचा, म्हणजे आपोआप पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ठरला असता. दोन वर्षांचा होईपर्यंत तो चालला नाही आणि पाचव्या वर्षीही त्याचे बोलणे घरच्यांनाच कळे. आमची आई म्हणे, "पोट्टा पाणी मागू शकत नाही, त्याले शाळेत टाकून काय करता?" जावईबापूंचे म्हणणे उलट होते. वर्ष वाया जाईल, लोक विचारतील, असे त्यांना वाटे.

एका शाळेत चौकशीला गेलो तेव्हा, "घरीच ठेवा, सुधारला की आणा," असे उत्तर मिळाले. येथे पालकांनी सावध राहावे. थांबायचे की नाही हे ठरवणे पालकांचे काम आहे. दिव्यांग आहे म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ या दोन्हींचा आधार पालकांच्या बाजूला आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंत आहे. सर्वसाधारण मुलांना तो १४ वर्षांपर्यंत असतो. म्हणून प्रमाणपत्र काढायला लाजू नये.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. पूर्वी कच्चे मूल पहिलीतच पुन्हा बसवत. आता पहिली ते चौथीत कोणाला मागे ठेवता येत नाही. तेव्हा वर्ष द्यायचे असेल तर ते प्रवेशाआधीच द्यावे लागते. पण फार थांबल्यास कायद्यातील वयानुरूप प्रवेशाची तरतूद आड येते. सात ओलांडलेले मूल नाव घालायला नेले तर त्याला दुसरीत बसवले जाऊ शकते. ज्याला वेळ हवा म्हणून थांबवले, त्याची पहिलीच बुडाली! जानेवारीत जन्मलेले मूल जूनमध्ये साडेसहाच्या जवळ असते. त्याला आणखी थांबवणे मला तरी पटत नाही.

थांबल्याने मूल आपोआप तयार होते हेही खरे नाही. जर्मनीतील बव्हेरियात वेळेआधी जन्मलेल्या व इतर मुलांचा अभ्यास करून २०१५ साली संशोधकांनी दाखवले, की उशिरा शाळेत गेलेल्या मुलांना पहिलीत शिक्षकांकडून अधिक चांगला शेरा मिळाला नाही, आणि आठव्या वर्षीच्या चाचण्यांत ती कमीच पडली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर चालू खात्यात पडून राहिलेल्या पैशाला व्याज मिळत नाही. ते वर्ष मूल कोठे घालवणार, हा खरा प्रश्न आहे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच असते. त्यापुढे घर, टीव्ही आणि मोबाईल एवढेच उरत असेल, तर शाळेचे बाक केव्हाही बरे.

आम्ही आधी कान आणि डोळे तपासून घेतले. मंद समजलेले मूल पुष्कळदा नुसते कमी ऐकत असते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. भाच्याच्या एका कानाला खरोखरच कमी ऐकू येत होते. यंत्र बसले आणि वाचा-उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी आणि उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, की या सहा-आठ महिन्यांत बोलण्यात फरक पडेल. तेव्हा कोठे आम्ही थांबायचे ठरवले. डिसेंबरपर्यंत अंगणवाडी, नंतर शेजारच्या बालवाडीत फी भरून, आणि आठवड्यातून दोनदा बहीण त्याला एस.टी.ने उपचाराला नेई. तिची रोजी त्या दिवशी बुडे, हा हिशेब कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

पुढच्या वर्षी तो साडेसहाचा होऊन पहिलीत गेला. आधी वर्गात सर्वांत लहान ठरला असता, आता सर्वांत मोठा होता. पण जानेवारीच्या मुलांहून जेमतेम काही दिवसांनी. गुरुजींना सांगून यंत्राचा कान त्यांच्या बाजूला येईल असे पुढचे बाक मागून घेतले. अक्षरे लवकर आली, 'ळ' अजून नीट येत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या हिशेबात नव्हती. अंगणवाडीतील त्याचे दोन सोबती आदल्या वर्षीच शाळेत गेले होते, आणि त्या साऱ्या वर्षात तो रोज सकाळी फाटकाशी उभा राहून त्यांना जाताना पाहत असे. आता तो दुसरीत आहे, ते तिसरीत. मधल्या सुट्टीत डबा घेऊन तो अजूनही त्यांच्याच वर्गात जाऊन बसतो.