एका संगणकाचे दोन भाग



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या अडगळीच्या खोलीची सफाई झाली व जुने संगणक वजनावर भंगारात गेले. एक लॅपटॉप तेवढा आम्ही नमुना म्हणून ठेवून घेतला. मागाहून लक्षात आले की त्याचा चार्जर भंगाराच्या पोत्यातच गेला! आठवीतल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आता हा चालू कसा करायचा?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या निमित्ताने एका जुन्या यंत्राची ओळख करून देत आहोत.

अॅपल कंपनीने ऑक्टोबर १९९२ मध्ये 'पॉवरबुक ड्युओ' हा लॅपटॉप बाजारात आणला. त्या काळी अडचण अशी होती की प्रवासाला हलके यंत्र हवे, तर टेबलावर सर्व सोयींचे. कंपनीने संगणकाचे दोन भाग केले. लॅपटॉपचे वजन दोन किलोच्या आत बसवले, त्यासाठी त्यातून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला. राहिलेल्या सोयी 'ड्युओ डॉक' नावाच्या टेबलावरच्या पेटीत ठेवल्या.

या पेटीची गंमत पाहण्यासारखी आहे. लॅपटॉपचे झाकण बंद करून तो पेटीच्या तोंडात सरकवायचा. व्हीसीआरमध्ये कॅसेट आत जाई (पालकांना आठवत असेल), तशी पेटीतील मोटर त्याला आत ओढून घेई. आत १५२ पिनांची जोडणी जुळली की वर ठेवलेला मोठा पडदा, फ्लॉपी, जादा कार्डे सारे कामाला लागत असे. पेटीत स्वतःचा प्रोसेसर नव्हता, डोके लॅपटॉपचेच. त्यातील 'ड्युओ २१०' चा वेग २५ मेगाहर्ट्झ व मूळ मेमरी ४ एमबी. आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तिच्यात मावणार नाही.

१९९५ साली या मालिकेतील शेवटचा '२३००सी' आला व १९९७ मध्ये मालिका बंद पडली.

संग्राहकांना तिचे आकर्षण आहे ते या जोडीमुळे. नुसती पेटी म्हणजे रिकामे खोके, आणि नुसत्या लॅपटॉपमध्ये फ्लॉपी घालायला जागा नाही. दोन्ही मिळाले तरी काम संपत नाही. रंगीत पडद्याचे ड्युओ जाड असल्याने पहिल्या डॉकमध्ये मावत नाहीत, त्यासाठी डॉकचे झाकण बदलावे लागते. जुनी बॅटरी आत राहून गळली तर भाग खराब होतात. म्हणून जाणकार आधी बॅटरी काढतात. मोटरचा आवाज ऐकण्यासाठी ही मंडळी एवढा खटाटोप करतात, हे आम्हाला तरी पटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते व दिवे आहेत. ज्यांनी ते रोज वापरले, त्यांना ही संग्रहालयात ठेवण्याची वस्तू वाटली नसेल. एकच पाते उरलेल्या अडकित्त्याने सुपारी कशी कातरत असत, हे मात्र मुलांना कसे समजावणार?

प्रयोगशाळेतील एक कपाट आम्ही जुन्या यंत्रांसाठी रिकामे केले आहे. पालकांनी घरातील बंद संगणक, फ्लॉपी वा कॅल्क्युलेटर देताना चार्जर, वायर आणि माहितीपुस्तिका सोबत बांधून पाठवावी, व सेल आधी काढून घ्यावेत. आमच्या त्या लॅपटॉपला जुळणारा चार्जर कोणाकडे असल्यास कार्यालयात जरूर कळवावे.