निवेदन व पार्श्वसंगीत : ध्वनिपाठातील एक तंत्र

ध्वनिपाठाच्या आरंभी व अखेरीस वाद्यसंगीताची जोड देण्यात गैर काही नाही. तथापि तेच संगीत निवेदनाखाली त्याच आवाजात चालू राहिले, तर पाठ श्रवणीय होण्याऐवजी दुर्बोध होतो. आपल्या बोलण्यातील स्वर भरदार असतात, व्यंजने मात्र क्षीण. आणि शब्दांची ओळख पुष्कळ अंशी व्यंजनांवरच अवलंबून असते. डग्ग्याचे व पेटीचे खालच्या पट्टीतील नाद वरच्या पट्टीतील नाजूक ध्वनींस सहज झाकून टाकतात. ‘पान’ की ‘कान’ हे प्रौढ मनुष्य संदर्भाने सावरून घेतो. ज्या बालकाची घरची भाषा कोरकू किंवा पावरी आहे, त्यास तो आधार नसतो. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमत असेल, तर अडचण आणखी वाढते.

कीर्तनात बुवा निरूपण करू लागले की पेटीवाला व तबलजी आपण होऊन हात आवरतात. बुवा क्षणभर श्वासासाठी थांबले, म्हणून ते लगेच वाजवू लागत नाहीत. पद सुरू झाले म्हणजेच साथ पूर्ववत होते. हेच काम यंत्राकडून करवून घेता येते. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत या क्रियेस ‘ऑटो डक’ म्हणतात. संगीताची पट्टी वर व निवेदनाची तिच्या लगत खाली ठेवावी आणि केवळ संगीताची पट्टी निवडून क्रिया चालवावी. मूळ संगीताची प्रत मात्र आधी वेगळी राखावी.

संगीत किती उतरवावे? यंत्राचे ठरीव प्रमाण उणे 12 डेसिबल आहे, म्हणजे ध्वनितरंगाची उंची सुमारे एकचतुर्थांश होते. प्रस्तुत लेखकाच्या मते लहान वर्गांसाठी एवढे पुरत नाही. उणे 20 ठेवावे, म्हणजे ती एकदशांश होते. पहिल्या शब्दापूर्वी अर्धा सेकंद संगीत उतरू लागते, कारण संपूर्ण मुद्रण यंत्रापुढे आधीच हजर असते. प्रत्यक्ष चालू कार्यक्रमातील यंत्रास ही सोय नसते. शब्द ऐकू आल्यावरच ते संगीत खाली घेते व पहिले अक्षर बुडण्याचा संभव राहतो.

विरामाची मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ती मुळात 1 सेकंदाची असते. परंतु पहिलीच्या पाठात वाक्य म्हटल्यावर मुलांना अनुवादासाठी आपण तीन-चार सेकंद देतो. त्या प्रत्येक जागी संगीत उसळून वर येते आणि मुले म्हणावयाचे सोडून ऐकत राहतात. अशा पाठात मर्यादा 5 सेकंदांची करावी.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे उंबरठा. निवेदनाचा आवाज याच्या वर गेला तरच यंत्र त्यास बोलणे समजते. मूळ आकडा उणे 30 आहे. आता मराठी वाक्यात क्रियापद अखेरीस येते, आणि तेथेच आपला आवाज उतरतो. ‘हे पाणी पिण्यास योग्य नाही’ या वाक्यातील ‘नाही’ उंबरठ्याखाली गेले व पुढे विराम मोठा असला, तर संगीत त्याच शब्दावर चढू लागते. मुलाच्या पदरी उलटा अर्थ पडतो. अशा वेळी आकडा उणे 36 करून पाहावा. (तपमानाप्रमाणे येथेही उणे 36 हे उणे 30 च्या खालीच.) फार खाली नेल्यास पंख्याची घरघरही यंत्रास बोलणे वाटते व संगीत वर येतच नाही. म्हणून मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा.

श्रुतलेखन, अक्षरओळख व उच्चारभेदाच्या पाठांत शब्दांखाली संगीत मुळीच घालू नये.

तयार पाठ कानातील ध्वनियंत्रावर ऐकून पसंत करू नये. वर्गातील ध्वनिक्षेपकावर लावावा, शेवटच्या रांगेत बसून ऐकावा, आणि एखाद्या मुलास प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द सांगावयास लावावा.