काचकागद हाती घेण्याआधी

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी कारेलीबागेतल्या आमच्या घरात शिरलं. आजोबांची बंदूक लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात होती, तिथवर पाणी पोचलं नाही; ओल मात्र पोचली. पंधरा दिवसांनी गवसणी सोडली तर दस्त्यावर पांढरी बुरशी, तिच्याखाली काळपट चिकट थर. नळ्या पुसून मी लगेच तेलाचा हात दिला. लाकडाकडे बघून मात्र जीव कळवळला. बडोदा संस्थानात नोकरी केलेल्या माणसाची ही दुनळी, बारा बोअरची, बर्मिंगहॅमहून आलेली, १९०० च्या सुमाराची. म्हटलं, दस्ता नव्यासारखा करायचा.

'नव्यासारखा' या एका शब्दात माझी सगळी चूक आहे.

हार्डवेअरच्या दुकानातून १२० आणि २२० नंबरचा काचकागद आणला, पीयू पॉलिशचा डबा आणला. दस्ता सोडवायला घरातला स्क्रूड्रायव्हर लावला. जुन्या विलायती बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. पातं खाचेत बसलंच नाही, घसरलं आणि खाचेची कड फाटली. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दस्ता न काढता तसाच घासायला बसलो.

अर्ध्या तासात अक्रोडाचं फिकट लाकूड वर आलं आणि मी खूश झालो. मग मुठीच्या खालच्या अंगाला, जाळीच्या कडेला, एक कोरलेली रेघ दिसली. वळण ओळखीचं होतं. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या मोडीत आहेत. हे त्यांच्या हातचं मोडी अक्षर होतं, टोकदार हत्याराने हलकं कोरलेलं. मळाखाली दडल्यामुळे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा त्याचा वरचा अर्धा भाग माझ्या काचकागदाखाली गेलेला होता.

आमची भाची इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकली. तो विभाग १९५२ पासून आहे. तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "मामा, तो कागद आधी खाली ठेव. मी येते."

त्या संध्याकाळी तिच्याकडून जे शिकलो आणि नंतर वाचून, विचारून पक्कं केलं, ते जुनी बंदूक घरात असलेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

दस्त्यावरचा काळा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. विलायती कारागीर अक्रोडावर जवसाचं तेल हाताने जिरवत. एक हात वाळला की दुसरा, असे कितीतरी दिवस. तेलाला लाली यावी म्हणून त्यात एक मुळी भिजवत, आपल्या रतनजोतीसारखीच लाल रंग सोडणारी. या तेलाच्या थरावर शंभर वर्षांचा घाम, धूळ आणि बंदुकीचं तेल बसतं. सफाई करायची ती या वरच्या थराची. नव्याने पॉलिश करायचं म्हणून घासलं की दोन्ही थर जातात, आणि सोबत लाकूडही जातं. कारागिराने लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. ती उंची एकदा गेली की लोखंडाच्या कडा लाकडातून वर डोकावतात आणि कुठलंही पॉलिश ते लपवू शकत नाही. मुठीवरच्या बारीक चौकटींच्या जाळीची टोकं बोथट होतात. जाणकार माणूस बंदूक हातात घेताच हे ओळखतो आणि तिची किंमत तिथेच उतरते.

आपण बडोदेकर संखेड्याच्या झोपाळ्यांवर वाढलो. लाखेची ती झळाळी डोळ्यांत इतकी भिनली आहे की जे चमकत नाही ते लाकूड आपल्याला आजारी वाटतं. जुन्या दस्त्याचं तेज निराळं असतं. ते आतून येतं, मंद असतं.

सफाई करायची ती अशी. पहिलं काम, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहणं. बुरशी ओली असताना हात लावू नका. सुकली की घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशने झटका. मग कापसाच्या बोळ्यावर मिनरल टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब घ्या आणि सहज नजरेत न येणाऱ्या जागी, अंगठ्याएवढ्या भागावर तो फिरवून बघा. घासायचा नाही, लोळवायचा. बोळा करडा किंवा काळपट तपकिरी झाला तर मळ निघतोय. लालसर दिसू लागला की थांबा, मूळ तेलाचा थर सुटतोय. दर वेळी नवा बोळा. जाळीसाठी जुना मऊ टूथब्रश, तोही रेघांच्या दिशेने. साबणाचं पाणी नको, स्पिरिट तर नकोच.

लाकडाला पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा, मात्र आजूबाजूच्या तेलाच्या थराला वाफ लागू देऊ नका. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले तंतू येत नाहीत. तो ओरखडा तसाच राहू द्या. लोखंडालगतचं लाकूड काळं, मऊ पडलं असेल तर ते झिरपलेलं तेल आहे. बंदूक वर्षानुवर्षं दस्त्यावर उभी ठेवली की असं होतं. खडूची भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका, पुन्हा द्या. आमच्याकडे सहा वेळा द्यावा लागला. यापुढे नळ्यांची तोंडं खाली करून ठेवा.

शेवटी तळहातावर जवसाच्या तेलाचे दोन थेंब घेऊन लाकूड गरम लागेपर्यंत चोळायचं आणि उरलेलं पुसून घ्यायचं. ते पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

दस्ता तडकला असेल, कुणी आधीच जाड वॉर्निश फासलं असेल आणि त्याचे पापुद्रे निघत असतील, तर नव्याने पॉलिश करणं योग्यच. ते काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्या. शेजारचा पॉलिशवाला कितीही कसबी असला तरी बंदूक त्याच्या हाती देणं कायद्यात बसत नाही. आणि शंभर वर्षांची झाली म्हणून बंदूक परवान्यातून सुटत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा सूट देतो ती दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्याराला.

आमच्या दुनळीचा दस्ता आता फिकट आहे. भाचीने त्यावर नुसतं तेल जिरवलं, वरून रंग चढवू दिला नाही. नळ्यांखालच्या पुढच्या लाकडापर्यंत माझा काचकागद पोचला नव्हता. ते बोळ्याने साफ झालं आणि गडद तांबूस निघालं. पाहणारे विचारतात, ही दोन बंदुकांची लाकडं आहेत का? मोडी अक्षराचा उरलेला अर्धा भाग तिने कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घेतला. तो 'ग' आहे की 'रा', यावर घरात अजून एकमत नाही.