केशरीवर पांढरे का दिसत नाही?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाच्या संकेतस्थळावर सोयाबीनचे भाव केशरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत देतो. उन्हात मोबाइलवर ते वाचता येत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर : दोष डोळ्यांचा नाही, रंगांच्या जोडीचा आहे. 'डब्ल्यूसीएजी' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१, तर मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर) लागतो. केशरीवर (आरजीबी २५५, १५३, ५१) पांढरे अक्षर जेमतेम २.१:१ भरते, काळे ९.८:१ च्या पुढे जाते. 'वेबएआयएम' या संस्थेच्या मोफत कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन्ही रंगांचे कोड टाका, गुणोत्तर लगेच कळेल. शिवाय भावातला चढउतार नुसत्या हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका. 'वाढ', 'घट' असे शब्दही लिहा. पट्टी केशरीच ठेवा, अक्षरे मात्र आजच काळी करा.